बूट फर्मवेअरमधील कोडशुद्धीचे परीक्षण

बूट फर्मवेअरमधील कोडशुद्धीचे परीक्षण म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूलभूत आज्ञावलीत केवळ नीटनेटकेपणासाठी सुचवलेले बदल स्वीकारण्यापूर्वी इतर जाणकारांनी ते तपासण्याची प्रक्रिया होय. नावे सुधारणे, पुनरुक्ती काढणे, न वापरलेला भाग वगळणे आणि मांडणी एकसारखी करणे हे कोडशुद्धीचे नेहमीचे प्रकार आहेत. अशा बदलाने यंत्राचे वर्तन बदलत नाही, असा बदल सुचवणाऱ्याचा दावा असतो. तो दावा खरा आहे का, हे ठरवणे हे परीक्षकाचे मुख्य काम असते.

पार्श्वभूमी

संगणकाची कळ दाबल्यानंतर प्रोसेसर सर्वप्रथम जो कोड चालवतो, त्यास बूट फर्मवेअर म्हणतात. हा कोड मदरबोर्डवरील फ्लॅश चिपमध्ये साठवलेला असतो. एक्स८६ कुळातील प्रोसेसर आपली पहिली आज्ञा ४ जीबीच्या सीमेच्या १६ बाइट अलीकडील पत्त्यावरून घेतो. त्या क्षणी रॅम वापरण्याजोगी नसते. ती कार्यान्वित करणे हे फर्मवेअरच्या आरंभीच्या कामांपैकी एक असते. तोपर्यंत प्रोसेसरमधील कॅश स्मृतीचाच तात्पुरत्या रॅमसारखा वापर करतात.

या क्षेत्रातील मुक्तस्रोत प्रकल्पांत कोअरबूट आणि यू-बूट हे प्रमुख आहेत. कोअरबूटचा आरंभ १९९९ मध्ये अमेरिकेतील लॉस अलामॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेत रॉन मिनिक यांनी 'लिनक्सबायोस' या नावाने केला. २००८ मध्ये त्यास सध्याचे नाव मिळाले.

कोडशुद्धीची गरज

फर्मवेअरमध्ये नव्या मदरबोर्डसाठीचा कोड बहुधा जुन्या बोर्डाच्या कोडची नक्कल करून तयार होतो. त्यामुळे एकच चूक अनेक ठिकाणी पसरते आणि एका ठिकाणी केलेली दुरुस्ती इतरत्र पोहोचत नाही. नुसत्या आकड्यांनी लिहिलेल्या रजिस्टरांचा अर्थही कालांतराने कोणास उमगत नाही. म्हणून कोडशुद्धी टाळणे हा सुरक्षित मार्ग ठरत नाही.

संभाव्य धोके

सामान्य आज्ञावलीत निरर्थक ठरणारी ओळ फर्मवेअरमध्ये अर्थपूर्ण असू शकते. परीक्षक पुढील बाबींकडे विशेष लक्ष देतात.

• निरुपयोगी भासणारे वाचन: रजिस्टरमध्ये लिहिल्यानंतर तेच पुन्हा वाचून मिळालेले मूल्य वापरले जात नसेल, तर ते वाचन वगळावेसे वाटते. प्रत्यक्षात त्या वाचनामुळेच आधीचे लेखन उपकरणापर्यंत पोहोचल्याची खात्री होते.

• स्थितिदर्शक रजिस्टरे: काही रजिस्टरांमध्ये १ लिहिल्यास तो बिट पुसला जातो. अशा ठिकाणी थेट लेखनाऐवजी 'वाचा, एक बिट जोडा, परत लिहा' असे सुटसुटीत फंक्शन वापरल्यास इतर नोंदीही पुसल्या जातात.

• लेखनाची रुंदी: ८ बिटांची चार लेखने एकत्र करून ३२ बिटांचे एक लेखन केल्यास काही उपकरणे ते स्वीकारत नाहीत.

• विलंब: डीडीआर३ रॅमच्या मानकानुसार रीसेट संपल्यावर क्लॉक कार्यान्वित करणारा संकेत देण्यापूर्वी ५०० मायक्रोसेकंद थांबणे आवश्यक असते. केवळ वेळ घालवणारी भासणारी ओळ काढल्यास रॅम सुरू होण्यात अडथळा येतो.

रॅमच सुरू झाली नाही, तर पडद्यावर त्रुटीचा संदेशही उमटत नाही. मग बाहेरील प्रोग्रामर उपकरण चिपला जोडून जुने फर्मवेअर पुन्हा लिहावे लागते. सर्वसामान्य वापरकर्त्याकडे असे साधन नसल्याने त्याच्या दृष्टीने तो संगणक निकामी झालेला असतो. मराठीत 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार एका अक्षराच्या फेरफाराने झालेल्या अनर्थाची आठवण देतो. फर्मवेअरमध्ये तसा अनर्थ कोणाच्या मनात काही नसतानाही घडू शकतो.

परीक्षणाच्या पद्धती

कोअरबूटमध्ये प्रत्येक बदल गेरिट या प्रणालीवर मांडला जातो. जेनकिन्स ही स्वयंचलित यंत्रणा प्रकल्पातील बोर्डांसाठी फर्मवेअर बांधून पाहते आणि परीक्षक आपला अभिप्राय गुणांनी नोंदवतात. उणे २ हा गुण बदल रोखून धरतो. किरकोळ नसलेला बदल किमान २४ तास परीक्षणासाठी खुला ठेवावा, असा संकेत आहे.

कोडशुद्धी पडताळण्याची सर्वांत खात्रीशीर पद्धत म्हणजे बदलापूर्वीचे आणि नंतरचे फर्मवेअर बांधून दोन्ही फायली बाइटगणिक ताडून पाहणे. बांधणीची तारीख किंवा ओळींचे क्रमांक फाइलमध्ये आल्यास फरक दिसतो, म्हणून कोअरबूटमध्ये ते वगळणारी 'कालनिरपेक्ष' बांधणी उपलब्ध आहे. दोन्ही फायली तंतोतंत जुळल्या, तर ज्या बोर्डांसाठी बांधणी केली त्यांच्यापुरता दावा सिद्ध होतो. न जुळल्यास फरकाचे कारण शोधावे लागते आणि शक्य असेल तेथे प्रत्यक्ष बोर्डावर चाचणी घ्यावी लागते. यू-बूटमध्ये बिल्डमन हे साधन अनेक बोर्डांची बांधणी करून आकारातील फरक दाखवते.

नावबदल, मांडणी आणि वर्तनातील बदल वेगवेगळ्या टप्प्यांत सादर करणे अपेक्षित असते. तिन्ही एकत्र आल्यास खरा बदल शेकडो निरुपद्रवी ओळींत दडून राहतो.

शैली तपासणारी साधने

लिनक्स प्रकल्पातील चेकपॅच ही आज्ञावली कोडच्या शैलीतील दोष दाखवते. तिच्या सूचना मार्गदर्शक मानल्या जातात, बंधनकारक नव्हेत. साधनाचा इशारा केवळ मिटवण्यासाठी केलेला बदल किती महागात पडू शकतो, याचे उदाहरण फर्मवेअरबाहेरचे आहे. २००६ मध्ये डेबियन या संगणक प्रणालीतील ओपनएसएसएलमध्ये अशाच इशाऱ्यामुळे काही ओळी निष्प्रभ करण्यात आल्या. त्यामुळे गुप्त किल्ल्यांमधील यादृच्छिकता जवळजवळ नाहीशी झाली आणि त्या किल्ल्या अंदाजाने ओळखता येऊ लागल्या. हा दोष मे २००८ मध्ये उघड झाला.

मर्यादा

परीक्षकाकडे संबंधित बोर्ड असतोच असे नाही. जुन्या बोर्डांच्या बाबतीत तर तो कोणाकडेच नसण्याची शक्यता असते. अशा कोडचा सांभाळ कठीण होतो. २०१९ मधील ४.११ या आवृत्तीनंतर कोअरबूटने नव्या रचनेत न बसणाऱ्या अनेक जुन्या बोर्डांचा कोड मुख्य शाखेतून काढला. तो जुन्या आवृत्तीच्या शाखेत उपलब्ध आहे.