नाव कोणाचं, जागा कोणाची?

साठवलेल्या पैशांत चहाच्या एखाद्या ब्रँडची फ्रँचायझी घ्यावी, की स्वतःच्या नावाची पाटी लावावी? आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये हा विषय दर आठवड्याला निघतो. सल्ले देणाऱ्या रील्स ढिगाने आहेत, त्यामुळे मी सल्ला देत नाही. एक जुना हिशोब सांगतो.

साल १९४८, कॅलिफोर्नियातलं सॅन बर्नार्डिनो. रिचर्ड आणि मॉरिस मॅकडोनाल्ड या भावांनी आपलं चालू हॉटेल काही महिने चक्क बंद ठेवलं. मेन्यू कापून नऊ पदार्थांवर आणला, वेटर काढले, स्वयंपाकघराची मांडणी कारखान्यासारखी केली. हॅम्बर्गर फक्त १५ सेंट! धंदा स्वतःचा होता, म्हणून असा प्रयोग करायला कोणाची परवानगी लागली नाही.

१९५४ मध्ये मिल्कशेकची यंत्रं विकणारा रे क्रॉक तिथे आला. वय ५२. त्याने या पद्धतीच्या फ्रँचायझी विकायचा करार केला. फ्रँचायझीची फी ९५० डॉलर, शिवाय विक्रीच्या १.९ टक्के. त्यातला ०.५ टक्का भावांना. एवढ्यात क्रॉकचं काही भागेना.

मग हॅरी सॉनबॉर्न या त्याच्या सहकाऱ्याने १९५६ मध्ये वेगळी कंपनी काढली. जागा कंपनीने घ्यायची आणि दुकान चालवणाऱ्याला पोटभाड्याने द्यायची. ठरलेलं भाडं किंवा विक्रीचा ठरावीक टक्का, यातलं जे जास्त ते वसूल. म्हणजे बघा, बर्गर विकणारा एक आणि घरमालक दुसरा. नियम मोडला तर नुसतं नाव नाही, जागाही हातची जाणार.

आता दुसरी बाजू. सिनसिनाटीतला फ्रँचायझीवाला लू ग्रोएन. त्याच्या भागात कॅथलिक वस्ती मोठी, शुक्रवारी मांस वर्ज्य, त्यामुळे त्या दिवशी गल्ला रिकामा. त्याने माशाचं सँडविच बनवलं, पण ते विकायला कंपनीचा होकार हवा! क्रॉकला स्वतःचा अननसाचा बर्गर पुढे आणायचा होता. १९६२ मध्ये दोघांची पैज लागली आणि मासा सहज जिंकला. ग्रोएनचं दुकान वाचलं, आणि पुढे तो पदार्थ सगळ्या शाखांमध्ये गेला. एकट्या हॉटेलवाल्याने तो दुसऱ्याच दिवशी विकायला काढला असता हे खरं, पण तो त्याच्या गल्लीपुरताच राहिला असता.

आणि ते दोघे भाऊ? १९६१ मध्ये त्यांनी सगळे हक्क २७ लाख डॉलरला विकले. मूळ हॉटेल जवळ ठेवलं, पण त्यावर स्वतःचंच आडनाव लावायची सोय उरली नाही. पाटी बदलून 'द बिग एम' झाली. क्रॉकने जवळच मॅकडोनाल्ड्स उघडलं आणि काही वर्षांत भावांचं हॉटेल बंद पडलं.

म्हणून फ्रँचायझी चांगली की वाईट, हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो. तुम्ही दुसऱ्याच्या चुकांतून तयार झालेली पद्धत विकत घेता, आणि त्या बदल्यात ठरवायचा हक्क देता. पहिल्यांदाच गल्ल्यावर बसणाऱ्याला हा सौदा परवडूही शकतो. फक्त सही करण्याआधी करारात तीन गोष्टी शोधा: जागा कोणाच्या नावावर, टक्का विक्रीवर की नफ्यावर, आणि मेन्यूत एक पदार्थ वाढवायला कोणाला विचारायचं. विक्रीवरचा टक्का तोट्याच्या महिन्यातही द्यावाच लागतो, हे विसरू नका.