भाकितांचा बाजार

धान्याचा, कापसाचा, सोन्याचांदीचा बाजार आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु जी गोष्ट अद्याप घडलेलीच नाहीं, तिच्या घडण्या-न-घडण्याचा बाजार भरवावा, लोकांनीं त्यांत रोखे घ्यावेत व विकावेत, आणि त्या रोख्यांच्या भावावरून पुढें काय होणार याचा अजमास बांधावा, ही कल्पना ऐकतांच बहुतेकांच्या तोंडीं पहिला शब्द येतो तो ‘जुगार’ हा. हा शब्द सर्वस्वीं चुकीचा आहे असें म्हणतां येणार नाहीं. तो सर्वस्वीं बरोबर आहे असेंही नाहीं. अशा बाजारास पाश्चात्य देशांत ‘प्रेडिक्शन मार्केट’ म्हणतात; आपण त्यास भाकितांचा बाजार म्हणूं. आज संगणकांच्या जाळ्यावर असे बाजार उभे आहेत व त्यांत कोट्यवधि डॉलरांची उलाढाल होते. या बाजारांत ज्ञान कोठें संपतें आणि जुगार कोठें सुरू होतो, व ही सीमारेषा आंखण्यासाठीं निरनिराळ्या काळच्या लोकांनीं काय केलें, एवढाच प्रश्न आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

आरंभ मुंबईपासूनच करणें योग्य होईल. ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानींत पाटण्याच्या अफूच्या पेट्यांचा सरकारी लिलाव कलकत्त्यास होत असे. पुढच्या लिलावांत दर पेटीस सरासरी काय भाव येईल, यावर मुंबईचे व्यापारी पैजा मारीत. अफू घ्यावयाची नाहीं आणि द्यावयाचीही नाहीं. भावांत जो फरक पडेल तेवढा रोखीनें चुकवावयाचा, असा हा व्यवहार. रामलाल ठाकुरसीदास यांचा असाच एक दावा मुंबईच्या सुप्रीम कोर्टांतून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. 1848 सालीं तेथील न्यायमूर्तींनीं, कांहींशा नाखुषीनेंच, असा निर्णय दिला कीं, इंग्रजी सामान्य कायद्याप्रमाणें अशा पैजेवर दावा चालूं शकतो. इकडे हिंदुस्थान सरकारनें त्याच वर्षीं 21 वा कायदा करून पैजेचे करार निरर्थक ठरविले, आणि 1872 च्या करारविषयक कायद्याच्या 30 व्या कलमानें तेंच तत्त्व पुढें चालविलें.

या व्यवहारांतील एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. ज्या भावावर पैज लागली, तो भाव ज्या लिलावांत ठरावयाचा, त्या लिलावांत पैज मारणाऱ्यास स्वतः बोली करतां येत असे. चार पेट्या महाग घेऊन नुकसान सोसलें, तरी भाव चढल्यामुळें पैजेंत त्याच्या कितीतरी पट मिळकत होण्याचा संभव. भाकित करणारा आणि घटना घडविणारा एकच झाला, म्हणजे भाकितास कांहीं अर्थच उरत नाहीं. भाकितांच्या बाजाराचा हा जन्मजात रोग होय.

मुंबईंत दुसराही एक प्रकार रूढ होता, तो पावसाच्या सट्ट्याचा. ठरलेल्या वेळांत ठरलेला पाऊस पडेल कीं नाहीं, यावर पैसे लावीत. अशी पैज 1887 च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यांत बसते कीं नाहीं, हा वाद उच्च न्यायालयांत गेला, आणि 1890 सालीं त्या कायद्यांत दुरुस्ती करावी लागली. पुढें न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडतांनाचे व मिटतांनाचे भाव मुंबईस येत, त्यांतील आंकड्यांवर कामकरी लोकही आपली मजुरी लावूं लागले. 1960 नंतरच्या दशकांत ते भाव येईनासे झाले, तेव्हां मडक्यांत चिठ्ठ्या घालून आंकडा काढण्याची युक्ति निघाली. ‘मटका’ हें नांव त्या मडक्यावरूनच पडलें.

अफूची पैज व मटका हे दोन्ही जुगारच; तथापि त्यांत एक मूलभूत भेद आहे. अफूचें पीक कसें आहे, चीनमध्यें मागणी किती आहे, हें थोडेंथोडें अनेकांस ठाऊक असे, व तें त्यांच्या पैजेंत उतरे. उलट मडक्यांतून कोणता आंकडा निघणार, हें प्रामाणिक सोडतींत कोणासच ठाऊक नसतें. म्हणून लाखों लोकांनीं पैसे लावले तरी त्यांतून ज्ञानाचा एक कणही जमा होत नाहीं. जें ज्ञान लोकांत विखुरलेलें आहे तेंच बाजार गोळा करूं शकतो. जें कोणापाशींच नाहीं तें कोठून गोळा करणार? सीमारेषेची ही पहिली खूण.

विखुरलेलें ज्ञान खरोखर गोळा होतें काय, याचें एक सुंदर उदाहरण फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें ‘नेचर’ या साप्ताहिकांत 1907 सालीं प्रसिद्ध केलें. प्लिमथच्या पशुप्रदर्शनांत एका बैलाचें, कापून साफ केल्यानंतरचें वजन ओळखण्याची स्पर्धा होती. प्रत्येक चिठ्ठीस सहा पेन्स पडत. वाचतां येण्याजोग्या 787 चिठ्ठ्या गाल्टननें तपासल्या. त्यांत खाटीक व शेतकरी होते, तसेच नुसते हौशी लोकही होते. खरें वजन 1198 पौंड भरलें. सर्व अंदाजांचा मध्य 1207 पौंड निघाला आणि सरासरी तर 1197 पौंड. एकेकाची चूक दुसऱ्याच्या उलट चुकीनें खोडली गेली आणि ज्ञान तेवढें शिल्लक राहिलें. सहा पेन्स ही रक्कम थट्टेनें कांहींतरी लिहिणारास आळा घालण्यास पुरेशी होती, हें गाल्टनच्या नजरेंतून सुटलें नाहीं; शिवाय ती कोणास कंगाल करण्याजोगीही नव्हती.

अमेरिकेंत हाच प्रयोग, कोणी प्रयोग म्हणून न करतां, वॉल स्ट्रीटवर दीर्घकाळ चालला होता. 1868 पासून 1940 पर्यंत तेथें अध्यक्षीय निवडणुकीवर उघड पैजा लागत आणि त्यांचे भाव वर्तमानपत्रांत छापून येत. पॉल ऱ्होड व कोलमन स्ट्रम्फ या अर्थशास्त्रज्ञांनीं ते भाव जमवून तपासले. 1884 ते 1940 या काळांतील 15 निवडणुकांपैकीं 11 वेळां ऑक्टोबरच्या मध्यास ज्याचें पारडें जड होतें तोच निवडून आला. तीन वेळां बाजी समसमान होती. आणि 1916 सालीं मात्र ह्यूजेस यांच्यावर भरंवसा ठेवणारे फसले व विल्सन विजयी झाले.

पुढें या पैजा मागें पडल्या, त्याचें एक कारण म्हणजे मतचांचणीचें शास्त्र. 1936 सालीं ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानें सुमारें एक कोटि पत्रिका पाठविल्या, वीस लाखांहून अधिक परत आल्या, आणि त्यांवरून लँडन निवडून येणार असें जाहीर केलें. प्रत्यक्षांत रूझवेल्ट यांनीं 48 पैकीं 46 राज्यें जिंकलीं. थोडींच पण नीट निवडलेलीं माणसें विचारणारे गॅलप यांचें भाकित खरें ठरलें. मोठी संख्या म्हणजे मोठें शहाणपण नव्हे, हा धडा सर्वांस मिळाला, आणि बाजाराची जागा चांचणीनें घेतली.

चांचणीचेंही गर्वहरण व्हावयाचें होतें. मार्च 1988 मध्यें मिशिगन राज्यांत डेमोक्रॅटिक पक्षांतर्गत निवडणुकींत जेसी जॅक्सन यांनीं सर्व चांचण्यांस चकवून विजय मिळविला. तेव्हां आयोवा विद्यापीठांतील रॉबर्ट फोरसिथ, फॉरेस्ट नेल्सन व जॉर्ज न्यूमन या अध्यापकांच्या मनांत आलें कीं, लोकांस ‘तुम्ही मत कोणास देणार’ असें विचारण्यापेक्षां ‘जिंकणार कोण’ यावर त्यांस थोडे पैसे लावावयास सांगावें. त्याच वर्षीं बुश व डुकाकिस यांच्या निवडणुकीवर त्यांनीं विद्यापीठाच्या संगणकावर छोटासा बाजार उघडला. खऱ्या पैशाचा, संगणकावर चालणारा, अभ्यासासाठीं उभारलेला असा हा बाजार पुढें ‘आयोवा इलेक्ट्रॉनिक मार्केट्स’ या नांवानें प्रसिद्धीस आला.

त्याची रचना समजण्यास कठीण नाहीं. समजा, एका निवडणुकींत दोनच उमेदवार आहेत. एक रुपया भरणारास बाजार दोन रोख्यांचा एक संच देतो, प्रत्येक उमेदवाराच्या नांवाचा एकेक. निकाल लागल्यावर विजयी उमेदवाराचा रोखा एक रुपयास वटतो, दुसऱ्याचा रद्दी होतो. म्हणजे बाजारानें जेवढें घेतलें तेवढेंच परत द्यावयाचें. त्यास तोटाही नाहीं, नफाही नाहीं. मधल्या काळांत ज्यास जो रोखा नको असेल त्यानें तो विकावा, हवा असेल त्यानें घ्यावा. संगणक फक्त घेणाऱ्यांच्या व विकणाऱ्यांच्या बोली क्रमानें मांडतो व जुळल्या कीं सौदा नोंदवितो. एखादा रोखा साठ पैशांस जात असेल, तर त्या उमेदवाराच्या विजयाचा संभव शेंकडा साठ आहे असें बाजाराचें म्हणणें समजावें.

आयोवाच्या अध्यापकांस आणखी एक गोष्ट आढळली. व्यवहार करणारे बहुतेक लोक आपल्याच उमेदवाराच्या बाजूनें कललेले होते. तरीही भाव कललेला नव्हता. कारण भाव ठरवीत होते ते थोडे सावध लोक, जे प्रेमानें नव्हे तर हिशेबानें बोली लावीत. पुढें 1988 ते 2004 या काळांतील पांच निवडणुकांतील 964 चांचण्यांशीं बाजाराची तुलना करण्यांत आली, तेव्हां शेंकडा 74 वेळां बाजार निकालाच्या अधिक जवळ होता.

मग असा बाजार कोणासही उभारतां येईल काय? यंत्र उभें करणें हें त्यांतलें सोपें काम. ग्राहक थोडे असले म्हणजे बोली जुळत नाहींत, ही अडचण रॉबिन हॅन्सन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें सोडविली. प्रत्येक क्षणीं भाव सांगणारा व घेण्या-विकण्यास सदैव तयार असणारा एक गणिती दलाल त्यानें योजला. त्यास होऊं शकणारा कमाल तोटा आधींच ठरलेला असतो. परंतु गणित संपतें आणि खरें अवघड काम सुरू होतें तें प्रश्न लिहिण्यांत. 2006 सालीं ‘ट्रेडस्पोर्ट्स’ या बाजारांत उत्तर कोरिया जुलैअखेर आपल्या हद्दीबाहेर क्षेपणास्त्र सोडील काय, असा रोखा होता. जुलैच्या आरंभींच क्षेपणास्त्रें सुटलीं व तें साऱ्या जगानें वाचलें. परंतु नियमांत अमेरिकेच्या संरक्षण खात्याची पुष्टी हवी असें लिहिलेलें होतें. ती हव्या त्या शब्दांत मिळाली नाहीं, म्हणून बाजारानें उत्तर ‘नाहीं’ असें ठरविलें. घटना घडली आणि पैज हरली! 2016 सालीं हिलरी क्लिंटन यांस अधिक मतें पडलीं, पण अध्यक्ष झाले ट्रम्प. ‘मतें कोणास अधिक’ व ‘अध्यक्ष कोण’ हे दोन वेगळे प्रश्न. निकाल कोण देणार, कोणत्या कागदाच्या आधारें देणार, हें आधीं स्वच्छ लिहिलेलें नसेल तर तो बाजार नव्हे, तंट्याचें मूळ होय.

अफूच्या लिलावांतला तो जुना रोगही नाहींसा झालेला नाहीं. 2003 च्या जुलैंत अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेनें मध्यपूर्वेंतील राजकीय घडामोडींवर असा बाजार योजला होता. राजकीय हत्या व घातपात यांवर पैज लावतां येईल, म्हणजे घातपात करणारासच त्यांतून नफा होईल, असा गहजब झाला, आणि दुसऱ्याच दिवशीं ती योजना मागें घ्यावी लागली. 2012 च्या निवडणुकींत ‘इंट्रेड’ या बाजारांत एकाच इसमानें रॉम्नी यांच्या बाजूनें सुमारें चाळीस लाख डॉलर ओतून भाव उचलून धरल्याचें पुढें संशोधकांनीं दाखविलें. आयोवाच्या बाजारांत मात्र एका माणसास 500 डॉलरांहून अधिक गुंतवितां येत नसे. ही मर्यादा केवळ दयेपोटीं नव्हती. थैलीच्या जोरावर कोणी भावास वांकवूं नये, हाही तिचा लाभ होता. त्या मर्यादेमुळें व विद्यापीठाच्या अभ्यासहेतूमुळें अमेरिकेच्या वायदेबाजार आयोगानें 1992 व 1993 सालीं त्यावर कारवाई न करण्याचें पत्र दिलें.

त्यानंतर काळ बदलला. 2024 च्या सप्टेंबरांत वॉशिंग्टनच्या न्यायालयानें ‘कॅल्शी’ या कंपनीच्या बाजूनें निर्णय दिला, आणि निवडणुकीचे रोखे तेथें मोठ्या प्रमाणावर उघडपणें विकले जाऊं लागले. ‘पॉलिमार्केट’वर त्या एका अध्यक्षीय निवडणुकींत तीन अब्ज डॉलरांहून अधिक उलाढाल झाली. आपल्याकडेही ‘ओपिनियन ट्रेडिंग’ या गोंडस नांवाखालीं, क्रिकेटच्या पुढच्या षटकांत किती धांवा होतील असल्या प्रश्नांवर तरुण मुलें खिशांतल्या यंत्रावर पैसे लावीत होतीं. षटकापूर्वीं पाच मिनिटें कोणापाशीं असें कोणतें विखुरलेलें ज्ञान असतें? तो मटकाच, फक्त मडकें कांचेचें. 2025 च्या ऑगस्टांत भारतीय संसदेनें पैशाच्या ऑनलाइन खेळांस बंदी करणारा कायदा केला, आणि त्यांत कौशल्य व दैव असा भेदही ठेवला नाहीं.

मग ज्ञान गोळा करण्याचें हें साधन आपणांस कायमचें अंतरलें काय? तसें मुळींच नाहीं. 2004 सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यांवरील भाकितांची तुलना करण्यांत आली. एक बाजार खऱ्या पैशाचा, दुसरा नुसत्या गुणांचा. दोहोंच्या अचूकतेंत म्हणण्याजोगा फरक आढळला नाहीं. म्हणजे ज्ञानास लागतो तो पैसा नव्हे; चुकीची लाज आणि बरोबर ठरल्याचा मान एवढें पुरे होतें.

एखाद्या महाविद्यालयानें, शेतकी शाळेनें वा ग्रंथालयानें असा बिनपैशाचा बाजार खुशाल उभारावा. जिल्ह्यांत यंदा कांद्याचा भाव काय राहील, धरण केव्हां भरेल, नवा रस्ता ठरल्या तारखेस पुरा होईल काय, हे प्रश्न ज्यांस थोडेंथोडें ठाऊक आहे अशीं माणसें गांवोगांव आहेत, आणि त्यांस आजवर कोणी विचारलेलें नाहीं. प्रश्न स्वच्छ लिहावा, निकालाचा आधार आधीं नेमावा, ज्याच्या हातीं घटना आहे त्यास बोली लावूं देऊं नये, आणि पैशास दाराबाहेर ठेवावें. एवढीं चार पथ्यें पाळलीं, तर ज्या युक्तीनें 1848 सालीं मुंबईकरांस कोर्टाची पायरी चढावी लागली, तीच युक्ति शेतकऱ्यास पेरणीपूर्वीं उपयोगी पडेल.