विलीनीकरण आणि विस्तार : वऱ्हाडातून दिसणारा कामगार संघटनेचा प्रश्न

ब्रिटिश अमदानीत बुलढाणा जिल्ह्यातील कारखान्यांचा मजूर प्रामुख्याने जिनिंग-प्रेसिंगमध्ये आढळे. 1870 मध्ये जलंब-खामगाव रेल्वेफाटा सुरू झाला व खामगावचा कापूस रुळांवरून मुंबईस जाऊ लागला. परंतु जिन हंगामी असे. हंगाम सरला की मजूर शेताकडे वळे. बारमाही वर्गणी व स्थायी समिती यांवर उभारावयाच्या संघटनेस ही भूमी अनुकूल नव्हती. कापसाच्या दुसऱ्या टोकास, मुंबईत, परिस्थिती निराळी होती.

तेथे 1925 च्या संपानंतर, जानेवारी 1926 मध्ये, काही लहान संघ एकत्र येऊन ना. म. जोशी यांच्या नेतृत्वाखाली बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियन स्थापन झाली. 1923 चे गिरणी कामगार महामंडळ मात्र या एकीकरणापासून अलिप्त राहिले. पुढे त्यातच फूट पडली आणि 1928 च्या सार्वत्रिक संपात, मे महिन्यात, अ. अ. आळवे व श्री. अ. डांगे प्रभृतींची गिरणी कामगार युनियन उदयास आली. आरंभीचे 324 सभासद त्याच वर्षाच्या डिसेंबरात 54,000 झाले. ही वाढ विलीनीकरणाची नव्हे. ती संपाची, आणि त्याहून अधिक, गिरणीगणिक नेमलेल्या समित्यांची होती. फुटीतून निघालेली संघटना एकीतून निघालेल्या संघटनेस मागे टाकते, हे विरोधाभासात्मक वाटले तरी खरे आहे. अर्थात मार्च 1929 मध्ये मीरत खटल्यासाठी पुढारी पकडले गेले, त्या वर्षीचा संप फसला, आणि ही वाढही टिकली नाही.

अखिल भारतीय पातळीवर हाच प्रश्न नागपुरास दोनदा उभा राहिला. 1929 च्या अधिवेशनात व्हिटली आयोगावरील बहिष्कारादी ठरावांमुळे जोशी यांचा गट आयटकमधून बाहेर पडला. एप्रिल 1938 मध्ये याच शहरी नॅशनल ट्रेड्स युनियन फेडरेशन व आयटक यांचा समेट झाला : महासमितीवर उभयपक्षी समान प्रतिनिधित्व, आणि राजकीय प्रश्न व संप यांविषयीच्या निर्णयास तीन-चतुर्थांश बहुमत. 1940 मध्ये फेडरेशन पूर्णतः विलीन झाले. समान प्रतिनिधित्वाने सभासदसंख्येचा हिशोब बाजूस ठेवला, तर तीन-चतुर्थांशाच्या अटीने प्रत्येक पक्षास नकाराधिकार दिला. समेट शक्य झाला तो यामुळेच. पण संपाचा निर्णय ज्या संघटनेस इतका दुष्कर, तिला जिनच्या चार महिन्यांच्या हंगामात मजुरीचा वाद लढविणे सुकर नव्हते.