कोलेस्टेरॉलच्या उपचारातील औषध-आढावा

कोलेस्टेरॉल वाढलेल्या रुग्णाची सगळी चालू औषधे, ती घेण्याची रीत आणि लिपिड प्रोफाइलचे आकडे फार्मासिस्टने रुग्णासोबत बसून तपासणे, शंका फेडणे व गरज पडल्यास डॉक्टरांना बदल सुचवणे, याला औषध-आढावा म्हणतात. मधुमेह, रक्तदाब यांतही तो होतो. पण कोलेस्टेरॉलमध्ये त्याची निकड अधिक, कारण हा आजार दुखत नाही. गोळी चुकली तरी काही जाणवत नाही आणि घेतली तरी बरे वाटत नाही. रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला की पुष्कळ जण औषध थांबवतात. आकडा गोळीमुळे उतरला होता, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. काही आठवड्यांत तो पुन्हा चढतो.

ही खंडितता सर्वांत आधी दिसते ती औषधाच्या दुकानात. दहा गोळ्यांची स्ट्रिप दहा दिवसांत संपायला हवी. ती पंचवीस दिवसांनी मागितली, तर हिशेब उघड आहे. येथे प्रश्न कसा विचारला जातो याला फार महत्त्व आहे. “काका, गोळी रोज घेता ना?” याला उत्तर ‘हो’ असेच येते. “गेल्या पंधरवड्यात किती दिवस राहून गेली?” असे विचारले की खरे कारण कळते: पाय दुखतात, प्रवासात डबी विसरली, शेजाऱ्याने यकृत बिघडते म्हणून घाबरवले. खंड लक्षात न घेता मात्रा वाढवण्यात अर्थ नसतो. स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधांची मात्रा दुप्पट केल्याने एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, साधारण सहा टक्केच आणखी उतरते.

आढाव्यात औषधांचा आपसातला मेळही पाहतात. स्टॅटिनपैकी सिंव्हास्टॅटिन रात्री घ्यावे लागते, तर ॲटोर्वास्टॅटिन कोणत्याही ठराविक वेळी चालते. सिंव्हास्टॅटिनसोबत क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक दिल्यास स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. स्नायू खूप दुखून लघवी गडद झाली, तर लगेच डॉक्टरांकडे जावे. एरवी मनानेच गोळी बंद करू नये.

या पद्धतीचा भक्कम पुरावा कॅनडातून आला. अल्बर्टा व सस्कॅचेवान प्रांतांतील 54 दुकानांत 675 रुग्णांवर झालेला ‘स्क्रिप’ अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. कोलेस्टेरॉलची तपासणी होणे किंवा औषध सुरू होणे वा वाढणे हे फार्मासिस्टच्या गटात 57 टक्के रुग्णांच्या बाबतीत घडले, तर नेहमीच्या सेवेत 31 टक्के. लाभ इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीआधीच थांबवला गेला. अल्बर्टात 2007 पासून पात्र फार्मासिस्टना औषध लिहून देण्याचाही अधिकार आहे. इंग्लंडमध्ये नव्याने औषध सुरू झालेल्यांसाठी 2011 पासून अशी सेवा आहे. तिच्यात कोलेस्टेरॉलची औषधे 2021 मध्ये आली.

भारतात 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी रुग्णाचे समुपदेशन हे फार्मासिस्टचे काम ठरवले. 2008 पासून फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) हा अभ्यासक्रमही आहे. ज्ञान आहे, नियमही आहे. पण संध्याकाळी सातच्या गर्दीत काउंटरवर उभ्या माणसाशी निवांत दहा मिनिटे बोलायला जागा नसते आणि त्या दहा मिनिटांचे मोलही कोणी देत नाही. हे बदलेपर्यंत रुग्णाने दुपारच्या शांत वेळी घरातल्या सगळ्या स्ट्रिपा, काढे व चूर्णांसकट, एका पिशवीत घालून दुकानात न्याव्यात आणि शेवटचा रिपोर्टही सोबत ठेवावा.