दारफळणीचा सण

कोकणातील बेने इस्राएल समाजाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याची पहिली अडचण कागदाची. अठराव्या शतकापूर्वीची लिखित साधने जवळजवळ नाहीत. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेले गलबत, वाचलेली सात जोडपी आणि समुद्राने गिळलेले ग्रंथ ही समाजाची स्वतःची आख्यायिका. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शेजाऱ्यांनी दिलेले ‘शनवार तेली’ हे नाव ही दुसरी खूण. तिसरी खूण सणांच्या मराठी नावांची, आणि मला वाटते भाषेच्या अभ्यासकांनी तिच्याकडे अधिक लक्ष द्यायला हवे होते. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये सिद्ध केलेल्या, परंतु १९३७ साली तेल अवीवला छापल्या गेलेल्या इंग्रजी इतिहासात ही नावे नोंदलेली आहेत.

हिब्रू वर्षारंभ तो ‘नव्याचा सण’. प्रायश्चित्ताचा दिवस, योम किप्पूर, तो ‘दारफळणीचा सण’, कारण त्या दिवशी दारे लावून माणसे घरात उपवासाने बसत. त्याच्या दुसऱ्या दिवशी दानधर्म, तो ‘शिळा सण’. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक पाळण्याचा दिवस ‘बिरड्याचा रोजा’ झाला, म्हणजे वालाच्या बिरड्याने सोडायचा उपवास. पुरीम फाल्गुनी पौर्णिमेच्या आसपास येतो, म्हणून ‘होळीचा सण’. (दोन्ही पंचांगे चांद्र-सौर आहेत. अधिकमास वेगवेगळा पडल्यास मात्र हे सण महिनाभराने लांबतात.)

या नावांत मोशे नाही, एस्तेर नाही, इजिप्तमधील दास्यही नाही. नावांत आहे ती कृती : काय शिजवायचे, काय झाकायचे, दार केव्हा लावायचे. वल्हांडणाचे उदाहरण तर फारच बोलके आहे. त्या सणात खमीर घरात ठेवायचे नाही असा दंडक. पण भात-भाकरीच्या कोकणी स्वयंपाकघरात फुगवलेली रोटी होती कुठे? आंबलेले असे जे घरात होते ते अनाशीत, म्हणजे चटणीसारख्या आंबट द्रवाच्या भांड्यात. ते त्या दिवसांत झाकून ठेवले जाई, आणि सणाचे नाव पडले ‘अनाशी ढाकाचा सण’. निर्गमनाची कथा विसरली गेली, निषेध तेवढा भांड्याच्या झाकणाखाली टिकला. हे झाकण कोणाच्या हातचे, हे सांगायला नकोच. ग्रंथ नसलेल्या समाजात पंचांग बायकांनी सांभाळले.

केहिमकरांनी या नावांवरून समाजाचे प्राचीनत्व सिद्ध करू पाहिले. शुद्ध मराठी नावांचे सण जुने, ‘रोजा’, ‘रमजान’, ‘उरूस’ हे शब्द असलेले नंतरचे, अशी त्यांची मांडणी. हनुक्का या समाजाला ठाऊक नव्हता, तेव्हा पूर्वज तो सण सुरू होण्यापूर्वीच, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, निघाले असावेत, हा त्यांचा दुसरा मुद्दा. तर्क आकर्षक आहे, पण अभावावरून काढलेला आहे. हनुक्का विसरलाही गेला असेल. शिवाय मराठी नावावरून सण पाळणारे मराठी बोलत होते एवढेच सिद्ध होते. योम किप्पूरच्या अखेरच्या प्रार्थनेच्या ‘नेईला’ या नावाचा अर्थही ‘बंद करणे’ असाच आहे. ‘दारफळणी’त त्याची स्मृती पाहण्याचा मोह होतो, तो आवरलेला बरा.

शब्दांच्या थरांचा मुद्दा मात्र टिकतो. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नबी, म्हणजे प्रेषित एलिया, प्रकट झाले अशी श्रद्धा आहे. तेथील खडकावरच्या खुणा त्यांच्या रथाच्या मानल्या जातात. शेबाट महिन्याच्या पौर्णिमेचा तो ‘एलियाहू हन्नबीचा उरूस’ : प्रेषित हिब्रू, उरूस अरबी, षष्ठीचा प्रत्यय मराठी. नैवेद्य पोहे, खोबरे, गूळ आणि फळे यांचा, त्याचे नाव फारसी : मलिदा. हे कोणी ‘समन्वय’ म्हणून ठरवून केलेले नव्हते. शेजाऱ्याशी बोलताना त्याला कळेल असाच शब्द तोंडात येतो, इतकी साधी ही प्रक्रिया.

पुढे ग्रंथ परत आले. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकिएल दिवेकरांनी मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले. मिशनऱ्यांच्या शाळांतून मराठी बायबल हाती पडले, आणि १८४६ मध्ये वल्हांडणाची हग्गादा मराठी भाषांतरासह मुंबईत छापली गेली. ज्या मराठीने कथेवाचून सण जपला होता, त्याच मराठीतून आता कथा परत मिळाली. त्याबरोबर ‘पेसाह’, ‘योम किप्पूर’ हे शब्द रूढ झाले आणि अनाशीचे झाकण बोलण्यातून गेले. मलिद्याचे ताट मात्र अजून मांडले जाते, इकडे कोकणात आणि १९४८ नंतर जे गेले त्यांच्या घरी इस्राएलमध्येही.