थंडीच्या मुलखात गाडीतल्या संडासाची टाकी गोठू नये म्हणून काय करावे?

साखरखेर्डा (ता. सिंदखेडराजा) : सोयाबीन घरात आलं की आपल्या भागातली माणसं बद्रीनाथ-केदारनाथची यात्रा काढतात. केदारनाथचे दरवाजे भाऊबीजेला बंद होतात, बद्रीनाथ साधारण नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उघडे असते. म्हणजे जाणं होतं ते नेमकं थंडीच्या तोंडावर. आता संडास बसवलेली गाडी भाड्यानेही मिळते. अशा गाडीला कॅरॅव्हॅन म्हणतात. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं आहे.

सोबत म्हातारी माणसं असली, कोणाला शुगर असली, तर रात्री गाडीतला संडास मोठा आधार असतो. तो बंद पडला की बायाबापड्या पाणी पिणंच कमी करतात आणि डोंगरावर तब्येत बिघडते. म्हणून ही माहिती.

आधी काय गोठतं?

पाणी शून्य अंशाला गोठतं आणि गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. त्यामुळे पाइप आणि कॉक फुटतात. भरलेली टाकी गोठायला वेळ लागतो. आधी गोठतो तो गाडीखालचा उघडा पाइप आणि मैला सोडायचा कॉक, कारण तिथे पाणी थोडं आणि वारा चारी बाजूंनी. आपल्याकडे नळ कधी गोठत नाही, त्यामुळे इकडे बांधलेल्या गाडीत पाइप उघडाच सोडलेला असू शकतो. म्हणून निघण्याआधी स्वतः वाकून गाडीखाली बघा.

घरून निघताना

• टाकीला, पाइपला आणि कॉकला जाड फोम किंवा थर्माकोल गुंडाळा. वरून ताडपत्रीचा तुकडा घट्ट बांधा. नुसतं गोणपाट बांधू नका, ते भिजलं की थंडी धरून ठेवतं.
• पाइपला उतार आहे का बघा. पाणी साचलं तर तिथेच गोठेल.
• कॉकचं रबर तपासा. थेंब थेंब गळणारं पाणी रात्री बर्फ होऊन कॉक धरून ठेवतं.
• पाच किलो साधं मीठ, हातमोजे आणि घट्ट झाकणाची बादली सोबत घ्या.

मुक्कामाला रोज संध्याकाळी

१. अंधार पडायच्या आधी टाकी रिकामी करा. हॉटेलच्या किंवा सार्वजनिक संडासात, विचारून. अलकनंदेत किंवा रस्त्याच्या कडेला मुळीच नाही. खालच्या गावांचं पिण्याचं पाणी तेच आहे.

२. रिकामी केल्यावर दोन लिटर पाण्यात पाव किलो मीठ विरघळवून टाकीत ओता. असं पाणी उणे ६ अंशाच्या आसपासपर्यंत गोठत नाही. रात्री संडास वापरला की ते पातळ होतं, म्हणून फ्लशला पाणी कमी घ्या. टाकी लोखंडी असेल तर मीठ टाळा, गंज धरतो.

३. दोन्ही कॉक बंद ठेवा. भांड्याचं पाणी बाहेर वाहू द्यावं म्हणून कॉक थोडा उघडा ठेवू नका. बारीक धार पाइपातच गोठते आणि बघता बघता पूर्ण पाइप बुजतो.

४. गाडी अशी लावा की सकाळचं ऊन कॉकच्या बाजूला पडेल.

५. जमल्यास मुक्काम खाली करा. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. जोशीमठ सुमारे १,९०० मीटरवर आणि बद्रीनाथ सुमारे ३,१०० मीटरवर आहे. म्हणजे वर सात-आठ अंश थंडी जास्त. दर्शन वर घ्या, झोपायला खाली या.

रात्री पारा फारच उतरणार असेल तर टाकी वापरूच नका. बादलीत जाड पिशवी आणि थोडा लाकडाचा भुसा टाकून काम भागवा. बादली गाडीच्या आत ठेवली की गोठायचा प्रश्न येत नाही.

गोठलंच तर

कॉकचा दांडा जोर लावून ओढू नका, तुटेल. कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं आधी कॉकवर, मग पाइपवर टाकीकडे सरकवत लावा. उकळतं पाणी ओतू नका, थंड प्लास्टिक तडकतं. काहीच जमलं नाही तर गाडी खाली उतरवा. दोन-तीन तास खालच्या गावात उन्हात उभी राहिली की बऱ्याचदा आपोआप मोकळं होतं.

हे कदापि करू नका

• गाडीखाली स्टोव्ह, बर्नर किंवा पेटता बोळा धरू नका. डिझेलची टाकी जवळच असते.
• बंद गाडीत शेगडी पेटवून झोपू नका. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.
• रेडिएटरचं कूलंट टाकीत ओतू नका. ते चवीला गोड असतं. सांडलेलं गाई-कुत्र्यांनी चाटलं तर जनावर दगावतं.

आपण बोअरच्या मोटरीला, ठिबकच्या नळ्यांना जपतो. तेवढीच नजर गाडीखाली ठेवा. संध्याकाळची पंधरा मिनिटं दिली, तर घरच्या म्हाताऱ्यांची यात्रा सुखाची होते.