फिरखोला व्हायव्हात न विचारलेलं

एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला रुडॉल्फ फिरखो भेटतोच. रक्ताची गुठळी का होते याची त्याच्या नावावर असलेली तीन कारणं, मानेच्या बुडाशी लागणारी त्याच्या नावाची गाठ. व्हायव्हात दोन्ही विचारतात. त्याने २६व्या वर्षी लिहिलेल्या अहवालाबद्दल मात्र कुणी विचारत नाही.

फेब्रुवारी १८४८. प्रशियाच्या अप्पर सायलेशिया भागात टायफसची साथ होती (आपला टायफॉइड नव्हे). सरकारने पाहणीसाठी बर्लिनहून फिरखोला पाठवलं. तो जेमतेम तीन आठवडे पोलिश बोलणाऱ्या गरिबांच्या घरांतून फिरला. दुष्काळ, अपुरं अन्न, कोंदट खोल्या, आणि लोकांची भाषा न कळणारा कारभार. अहवालात त्याने औषधांच्या बरोबरीने काय सुचवावं? लोकशाही, शिक्षण, पोलिश भाषेला कारभारात स्थान, गरिबांवरचा कर कमी करणं, रस्ते, शेती सुधारणा. रोग्याऐवजी सरकारलाच पथ्य!

गंमत म्हणजे टायफस कशाने पसरतो हे त्याला ठाऊकच नव्हतं. तो उवांमुळे पसरतो हे शार्ल निकोलने दाखवलं ते १९०९ मध्ये. पुढे जंतूंचा सिद्धान्त आला, तेव्हाही फिरखो त्याकडे संशयानेच बघत राहिला. तिथे तो चुकलाच. पण उवा कुणाच्या अंगावर होतात, बदलायला दुसरा कपडा कुणाकडे नसतो, हे त्याला नीट दिसलं होतं.

परतल्यावर आठवड्याभरातच तो बर्लिनच्या क्रांतीत सामील झाला. जुलैत वैद्यकीय सुधारणांसाठी साप्ताहिक काढलं. पुढच्या वर्षी बर्लिन सोडून वुर्त्सबुर्गला जावं लागलं. पुढे बर्लिनच्या नगरपरिषदेत निवडून आल्यावर त्याने शहराच्या सांडपाणी योजनेसाठी जोर लावला. त्याच्या कामातला हा भाग मला सर्वांत आवडतो, कारण घोषणा देणं सोपं असतं, गटारं बांधून घेणं नाही.

ही विचारधारा आपल्याकडेही पोचली. सामाजिक वैद्यकाचे पुरस्कर्ते हेन्री सिगरिस्ट १९४४ मध्ये भोर समितीसाठी भारतात आले होते. समितीच्या १९४६च्या अहवालात भावी डॉक्टर 'सामाजिक वैद्य' व्हावा म्हणून तीन महिन्यांचं प्रशिक्षण सुचवलं आहे. त्यातला बराचसा भाग आज पीएसएम नावाने ओळखला जातो. परीक्षेच्या आदल्या रात्री आपण तो पाठ करतो.

इंटर्नशिपमध्ये पीएचसीची पोस्टिंग लागते, लॉगबुकवर सही मिळते. या गावात जुलाबाचे इतके पेशंट का, पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली, हे ग्रामसभेत उभं राहून विचारायला मात्र सहसा कुणी शिकवत नाही.